इलेक्ट्रॉनची लाट भट्टीत सापडली

डेव्हिसन आणि जर्मर ही नावं बारावी सायन्स केलेल्या प्रत्येकाने एकदा तरी पाठ केलेली असतात. ५४ व्होल्ट, ५० अंश, निकेलचा स्फटिक. आकडे लिहायचे, आकृती काढायची, मार्क खिशात. मीही तेच केलं होतं. पुढे मेटलर्जीचा डिप्लोमा केला, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या लॅबला लागले, आणि बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की हा प्रयोग फिजिक्सवाल्यांनी आमच्या खात्यातून उचलून नेलाय. गमतीने म्हणते, पण अगदीच खोटं नाही. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते एका ॲनिलिंगमुळे, म्हणजे धातू तापवून नरम करण्यामुळे. तेही कोणी ठरवून केलेलं नव्हतं.

हे आत्ता लिहायचं कारण माझा भाचा. तो यंदा बारावीला आहे. कॉलेज रोडच्या क्लासला जातो, रविवारी सिडकोत आमच्याकडे येतो आणि ताईने फोन केल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. परवा चहा घेता घेता म्हणाला, "मावशी, ह्या चॅप्टरमध्ये समजण्यासारखं काही नाहीये. पाठच करायचं असतं." मी म्हटलं, थांब जरा. त्याला जे सांगितलं ते आणि त्याच्या जेवणाच्या घाईत सांगायचं राहिलं ते, असं दोन्ही इथे लिहिते.

सुरुवात डी ब्रॉग्लीपासून करायला लागते. लुई डी ब्रॉग्ली मुळात इतिहासाचा पदवीधर. घराणं फ्रान्समधलं सरदारांचं. थोरला भाऊ मॉरिस क्ष-किरणांवर प्रयोग करायचा, त्याच्या नादाने हाही फिजिक्सकडे वळला. पहिल्या महायुद्धात आयफेल टॉवरवरच्या बिनतारी केंद्रात होता. १९२४ साली पॅरिसमध्ये त्याने प्रबंध दिला. त्यातली मूळ गोष्ट एका वाक्यात मावते. प्रकाश लाट असूनही कणासारखा वागतो हे आइन्स्टाइनने १९०५ मध्येच मांडलं होतं, मग जे कण आपण कणच समजतो त्यांनाही लाट का नसावी? तरंगलांबी म्हणजे प्लँकचा स्थिरांक (एक ठरलेला, अतिशय लहान आकडा) भागिले संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. बस. संवेग जितका जास्त, लाट तितकी आखूड.

हे नुसतं हवेत सोडलेलं वाक्य नव्हतं. बोरने १९१३ मध्ये अणूचं जे चित्र काढलं होतं त्यात इलेक्ट्रॉनला ठरावीक कक्षांमध्येच फिरायची मुभा होती. ठरावीकच का, याला उत्तर नव्हतं. नियम आहे म्हणून आहे. डी ब्रॉग्लीच्या हिशेबात ते उत्तर आपोआप निघालं. कक्षेच्या घेरात पूर्ण लाटा बसल्या पाहिजेत, एक, दोन, तीन. अडीच चालणार नाही, कारण फिरून आलेली लाट स्वतःशीच जुळणार नाही.

तोंडी परीक्षेत त्याला विचारलं गेलं की या लाटा दिसणार कशा? तो म्हणाला, इलेक्ट्रॉन स्फटिकावर मारून बघा. परीक्षकांपैकी लांजव्हँ यांनी प्रबंधाची प्रत आइन्स्टाइनकडे धाडली. योगायोग असा की त्याच वर्षी ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांचा लेखही आइन्स्टाइनकडे पोचला होता आणि आइन्स्टाइन बोसांची प्रकाशकण मोजायची पद्धत वायूच्या अणूंना लावून बघत होता. त्या कामात त्याला डी ब्रॉग्लीच्या लाटा नेमक्या उपयोगी पडल्या. आइन्स्टाइनने आपल्या लेखात प्रबंधाचा उल्लेख केला, तो वाचून श्रोडिंगर कामाला लागला आणि १९२६ मध्ये त्याचं या लाटांचं समीकरण आलं. भाच्याला बोसांचं हे ठाऊक नव्हतं. पुस्तकात दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांत असल्या की त्या एकाच वर्षी घडल्या हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पण माझा जीव अडकलाय तो स्फटिकात. त्यासाठी आधी आमच्या लॅबमध्ये यायला लागेल.

पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, जॉब येतो. बहुतेक गाड्यांचे पार्ट, गिअर, पिना, शाफ्ट. कटिंग मशीनवर पाण्याची धार चालू ठेवून त्यातून पेराएवढा तुकडा कापायचा. कोरडा कापला तर तुकडा तापतो आणि मग आपण भट्टीचं काम तपासत नसतो, आपल्याच कटरचा प्रताप बघत असतो. तुकडा बेकेलाइटच्या पावडरीत दाबून गोल माउंट करायचा. मग एमरी पेपर, जाड्यापासून बारीकपर्यंत. दर पेपरला माउंट काटकोनात फिरवायचा आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पुरते जाईपर्यंत घासत राहायचं. नवी पोरं इथेच कंटाळतात. त्यानंतर कापडाच्या डिस्कवर डायमंड पेस्ट. पृष्ठभागात स्वतःचं नाक दिसायला लागलं की धुवायचा आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. काय दिसतं? काही नाही. नुसतं पांढरं.

मग नायटल. म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडंसं नायट्रिक ॲसिड. कापसाच्या बोळ्याने काही सेकंद फिरवायचं, चकाकी जराशी मंदावली रे मंदावली की नळाखाली धरायचं, अल्कोहोल मारायचं, ड्रायरने सुकवायचं. आता पुन्हा बघा. तोच पांढरा तुकडा वाकड्यातिकड्या घरांनी भरून गेलेला असतो. प्रत्येक घर म्हणजे एक ग्रेन, एक स्वतंत्र स्फटिक. त्याच्या आत लोखंडाचे अणू शिस्तीत रांगा धरून उभे, पण शेजारच्या घरातल्या रांगांची दिशा वेगळी. दोन दिशा जिथे भिडतात तिथे ॲसिड जास्त खातं आणि रेघ उमटते. पट्टी लावून, तक्त्याशी ताडून ग्रेन साइजचा नंबर द्यायचा. नंबर मोठा म्हणजे ग्रेन बारीक. पार्टीला बहुतेक वेळा बारीकच हवे असतात, बारीक ग्रेनचा माल चिवट असतो.

आणि ग्रेन मोठे कशाने होतात? उष्णतेने. जास्त तापमानात जास्त वेळ धातू ठेवला की मोठे ग्रेन छोट्यांना गिळत जातात. एकदा एका ठिकाणी भट्टीचं दार अडकलं आणि पूर्ण चार्ज, म्हणजे भट्टीत भरलेला सगळा माल, रात्रभर आत राहिला. सकाळी त्यातला पीस हातोडीने मोडला तर मोडलेल्या तोंडावर दाणे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. सगळा लॉट भंगारात. तापवण्याची जादू आपल्या जुन्या तांबट गल्लीतल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, ती वेगळ्या कामासाठी. हंडा ठोकून ठोकून तांबं कडक झालं की पुन्हा तापवायचं, नरम करायचं, पुन्हा ठोकायचं. आत नवे स्फटिक तयार होतात म्हणून तांबं नरम पडतं. नाव माहीत नसलं तरी ॲनिलिंग ते ॲनिलिंगच.

आता न्यूयॉर्कला चला. क्लिंटन डेव्हिसन हा टेलिफोन कंपनीच्या संशोधन विभागात नोकरीला होता. लांबच्या फोनसाठी आवाज वाढवणाऱ्या व्हॅक्यूम ट्यूब लागायच्या, त्यामुळे धातूवर इलेक्ट्रॉन आपटले की काय होतं हे कंपनीला जाणून घ्यायचं होतं. लाटांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. काचेच्या निर्वात नळीत निकेलचा तुकडा, त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत, आणि परत उडालेले इलेक्ट्रॉन कोणत्या कोनात किती जातात ते मोजायचं. लेस्टर जर्मर त्याचा सहकारी.

१९२५ साली निकेल तापलेलं असताना द्रवरूप हवेची एक बाटली फुटली. नळी तडकली, हवा आत घुसली, निकेल ऑक्साइडने काळवंडलं. आमच्याकडे असं झालं असतं तर साहेबांनी तुकडा फेकून दुसरा लावायला सांगितला असता. त्यांनी तो वाचवला. हायड्रोजनमध्ये आणि निर्वातात, वेगवेगळ्या चढ्या तापमानांना, बराच काळ तापवत राहिले. ऑक्साइड गेलं, वरचा थरही थोडा उडून गेला. नवी नळी बसवली, मोजणी सुरू केली आणि आलेख ओळखू येईना. आधी चढउतार नसलेली, अलगद उतरणारी रेषा यायची, आता काही कोनांत उंच टोकं आणि मधे खड्डे.

नळी कापून तुकडा बघितला तेव्हा उलगडा झाला. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय: अपघाताआधी झोत असंख्य बारीक स्फटिकांवर पडत होता, तापवल्यानंतर मोजक्या मोठ्या स्फटिकांवर, साधारण दहाएक. म्हणजे आमच्या भाषेत काय झालं? ओव्हरहीटिंग, ग्रेन ग्रोथ, रिजेक्ट! ज्या कारणाने आम्ही लॉट भंगारात टाकतो, त्याच कारणाने क्वांटम फिजिक्सला पुरावा मिळाला.

भाच्याने इथे बरोबर प्रश्न विचारला. ग्रेन मोठा झाला म्हणून लाट आली कुठून? लाट आधीही होती ना?

होतीच. त्याला मी आपल्या विसर्जनाच्या मिरवणुकीची आठवण दिली. वाकडी बारवेजवळ मंडळं रांगेला लागलेली असतात, प्रत्येकाचं ढोलपथक आपापल्या तालात. मधे उभं राहिलं तर नुसता गदारोळ. ताल प्रत्येक पथकात चोख असतो, पण तुमच्या कानाला एकही लागत नाही. तिथून पुढे येऊन एकाच मोठ्या पथकासमोर उभे राहा, मग ठोका छातीत बसतो. बारीक ग्रेनच्या निकेलमध्ये प्रत्येक स्फटिक लाट परतवत होता, पण प्रत्येकाची दिशा निराळी, म्हणून बेरीज सपाट. मोठा स्फटिक आला की एका रांगेतल्या अणूंवरून परतलेल्या लाटा काही दिशांना एकमेकींशी बरोबर जुळतात आणि तिथे इलेक्ट्रॉन जास्त मिळतात. इतर दिशांना त्या एकमेकींना खातात. छऱ्यांसारखा उडणारा साधा कण असता तर ही टोकं आणि खड्डे आलेच नसते.

गंमत म्हणजे हे समजायला डेव्हिसनला आणखी वर्ष लागलं. १९२६ च्या उन्हाळ्यात तो बायकोसह इंग्लंडला गेला, तिथे ऑक्सफर्डच्या सभेत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न (अणूचं चित्र काढणारा बोर वेगळा) बोलत होता आणि त्याने डी ब्रॉग्लीच्या लाटांचा पुरावा म्हणून डेव्हिसनचेच जुने आलेख सांगितले! परतीच्या बोटीवर तो श्रोडिंगरचे लेख घेऊन बसला. मग त्यांनी एकच स्फटिक नीट कापून घेतला, लाट शोधायचीच म्हणून मोजणी केली, आणि १९२७ मध्ये निकाल छापला.

आता पुस्तकातलं गणित, कारण मार्क त्यालाच आहेत. ५४ व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी डी ब्रॉग्लीच्या सूत्राने काढायची. सोयीचं सूत्र: १.२२८ भागिले व्होल्टेजचं वर्गमूळ, उत्तर नॅनोमीटरमध्ये. ५४ चं वर्गमूळ ७.३५, म्हणजे ०.१६७ नॅनोमीटर. ही झाली कागदावरची लाट. दुसरीकडे निकेलच्या पृष्ठभागावर अणूंच्या रांगांमधलं अंतर ०.२१५ नॅनोमीटर, हे क्ष-किरणांनी आधीच मोजलेलं. टोक आलं ५० अंशांवर. शेजारच्या रांगांवरून परतलेल्या लाटा त्या कोनात जुळायच्या तर तरंगलांबी ०.२१५ गुणिले साइन ५०, म्हणजे ०.१६५ असायला हवी. एक आकडा इलेक्ट्रॉनच्या वेगातून आला, दुसरा धातूच्या रांगांमधून. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तरी फरक फक्त ०.००२ चा. भाचा हे गणित डोळे मिटून करतो, पण दोन आकडे दोन वेगळ्या वाटांनी आलेत हे त्याला कोणी म्हटलंच नव्हतं. सगळी मजा तर त्यातच आहे.

त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला जॉर्ज थॉमसनने दुसऱ्या रस्त्याने हेच दाखवलं. हजारो व्होल्टने पळवलेले इलेक्ट्रॉन अतिशय पातळ पापुद्र्यातून आरपार सोडले आणि मागच्या फोटोप्लेटवर गोल कडी उमटली. पुढे सोन्याचे, ॲल्युमिनियमचे पापुद्रे वापरले, त्यांत ग्रेन बारीक आणि सगळ्या दिशांना. म्हणजे बारीक ग्रेनमध्ये लाट कायमची लपते असं नाही. झोत आरपार गेला तर प्रत्येक ग्रेनचा ठिपका मध्यापासून तेवढ्याच कोनावर पडतो आणि सगळे ठिपके मिळून कडं होतं. १९३७ चं नोबेल डेव्हिसन आणि थॉमसन यांना मिळून मिळालं. या थॉमसनचे वडील म्हणजे जे. जे. थॉमसन, इलेक्ट्रॉन हा कण आहे हे दाखवणारे, त्यांना १९०६ मध्ये नोबेल. बापाने कण दाखवला, लेकाने लाट दाखवली. हा किस्सा सगळीकडे असतो, म्हणून पुढे जाते.

खरं अवघड वळण इथून पुढे आहे. ही लाट कशाची? पाण्याची लाट म्हणजे पाणी हलतं. इलेक्ट्रॉनच्या लाटेत काय हलतं? पुस्तकं इथे पटकन पान उलटतात, मला ते आवडत नाही. बॉर्नने १९२६ मध्ये सांगितलं की लाटेवरून एवढंच कळतं की इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती. पसरलेला इलेक्ट्रॉन कोणी कधी पकडलेला नाही. पकडला की तो एका ठिपक्यातच सापडतो. जपानमध्ये हिताची कंपनीत तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की एका वेळी उपकरणात जेमतेम एकच असावा. पडद्यावर एकेक ठिपका पडत गेला. सुरुवातीला कुठेही, कसेही. हजारो ठिपके जमले तेव्हा त्यांचे पट्टे झाले, गर्द, विरळ, गर्द, विरळ. एकटा इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणाशी जुळवून घेत नव्हता, दुसरा कोणी नव्हताच. तरी कुठे पडायचं नाही हे प्रत्येकाने पाळलं. मला हे समजलंय असा आव मी आणत नाही. गणित बरोबर येतं, निकाल दरवेळी तेच येतात, आणि तरी रात्री भांडी आवरताना डोक्यात फिरत राहतं.

"मग माझी लाट का दिसत नाही?" भाच्याचा पुढचा प्रश्न, हातात बॅट. बॉलचा हिशेब केला. १६० ग्रॅमचा बॉल सेकंदाला ४० मीटर वेगाने. लाट येते मीटरच्या १० च्या उणे ३४ व्या घाताएवढी. अणूचं केंद्रक १० च्या उणे १५ व्या घाताच्या आसपास असतं, त्याच्यापुढेही ही लाट काहीच नाही. एवढ्या बारीक रांगा असलेला स्फटिक जगात नाही, तर ती दिसणार कशावर? पण सीमा कुठे आहे हे लोक तपासत राहिलेत. १९३० मध्ये हीलियमचे अख्खे अणू लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकावरून असेच परतवून दाखवले. १९९९ मध्ये व्हिएन्नात ६० कार्बन अणूंच्या रेणूने पट्टे उमटवले, आणि २०१९ मध्ये तिथेच २,००० च्या आसपास अणू असलेल्या रेणूंनी. आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीतून निघणारे न्यूट्रॉन पदार्थांच्या आत बघायला वापरलेत, तेही त्यांच्या लाटेच्याच जोरावर. संथ न्यूट्रॉनची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराएवढीच असते.

आमच्या कामात ही लाट रोज येत नाही, अधूनमधून येते. एखादा पार्ट गाडीत तुटला आणि पार्टी हटून बसली की तुकडा पुण्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी जातो. आमच्या साध्या मायक्रोस्कोपला प्रकाशाच्या लांबीची मर्यादा. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर, त्यामुळे ०.२ मायक्रॉनच्या खालचं काही धड दिसत नाही. २०,००० व्होल्टच्या इलेक्ट्रॉनची लाट ०.००९ नॅनोमीटरही नाही. (तरीही तो मायक्रोस्कोप तितकं बारीक दाखवत नाही, तिथे मर्यादा लेन्सची असते, लाटेची नाही.)

त्याच मशीनवर एक वेगळी तपासणी होते, ईबीएसडी, म्हणजे इलेक्ट्रॉन बॅकस्कॅटर डिफ्रॅक्शन. तुकडा ७० अंशात तिरका ठेवायचा, झोत एका जागी थांबवायचा, आणि परतलेल्या इलेक्ट्रॉनचे पट्टे पडद्यावर बघायचे. एकमेकांना छेदणारे पट्टे, किकुची पट्टे म्हणतात त्यांना. जपानच्या किकुचीने १९२८ मध्ये अभ्रकातून इलेक्ट्रॉन सोडून असे पट्टे पाहिले होते. पट्ट्यांच्या मांडणीवरून त्या ग्रेनमधल्या रांगा कुठल्या दिशेला आहेत ते कॉम्प्युटर सांगतो. झोत पुढे सरकवायचा, पुन्हा पट्टे, पुन्हा दिशा. शेवटी प्रत्येक ग्रेन त्याच्या दिशेच्या रंगात रंगवलेला नकाशा मिळतो. डेव्हिसनला ग्रेन मोठे झाले म्हणून लाट दिसली, आता लाट वापरून ग्रेन मोजतात.

यातही आमची फजिती ठरलेली. हे पट्टे पृष्ठभागाच्या अगदी वरच्या काही दहा नॅनोमीटर थरातून येतात. डायमंड पेस्टवर घासल्याने तेवढा थर चेंगरलेला राहतो, रांगा विस्कटलेल्या, आणि विस्कटलेल्या रांगांवरून लाटा जुळत नाहीत. नायटल मारून ग्रेन छान दिसले म्हणजे काम झालं, असं इथे धरता येत नाही. त्यासाठी पेस्टनंतर कोलॉइडल सिलिकावर (सिलिकाचे अतिबारीक कण मिसळलेल्या द्रवावर) वेगळं, हळू, कंटाळवाणं पॉलिशिंग करायला लागतं. आमची पोरं शनिवारी घाईत ते टाळतात, आणि मंगळवारी पुण्याहून फोन येतो: "मॅडम, पॅटर्नच येत नाहीये. सॅम्पल परत पाठवतोय, नीट पॉलिश करून द्या."